न जिंकलेला किल्ला

महाराष्ट्रात किल्ल्यांना तोटा नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर, खाड्यांच्या मुखाशी आणि भर समुद्रातही ते उभे आहेत. त्यांपैकी कित्येकांची नावे उच्चारताच एखादा विजय आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. प्रतापगड म्हटला की अफजलखानाचा पाडाव आठवतो. सिंहगड म्हटला की तानाजी मालुसरे आठवतात. परंतु रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ एक असा जलदुर्ग आहे, की जो घेण्यासाठी मराठ्यांनी पुनःपुन्हा पराकाष्ठा केली आणि जो त्यांच्या हाती कधीच लागला नाही. त्याचे नाव जंजिरा. ‘जझीरा’ या अरबी शब्दाचा अर्थ बेट. त्यावरूनच हे नाव आले आहे.

काही वर्षांपूर्वी, थंडीच्या दिवसांत, मी माझ्या बारा वर्षांच्या नातवाला बरोबर घेऊन हा किल्ला पाहावयास गेलो. मुरूडच्या दक्षिणेस खाडीच्या मुखाशी राजपुरी नावाचे गाव आहे. तेथील धक्क्यावर शिडाच्या होड्या उभ्या होत्या. वीस-पंचवीस उतारू बसताच नाखव्याने शीड उभारले. क्षणात ते वाऱ्याने फुगले आणि होडी एका अंगावर कलली. नातवाने माझा हात घट्ट धरला. ते पाहून तो वृद्ध नाखवा हसला व म्हणाला, “भिऊ नकोस, पोरा. शिडात वारा भरला म्हणजे होडी कलायचीच.” त्याच्या त्या शांत शब्दांनी मुलाला धीर आला. थोड्याच वेळात तो हात सोडून पाण्यावर चमकणाऱ्या उन्हाकडे पाहू लागला.

होडी जसजशी पुढे जाऊ लागली, तसतसा किल्ल्याचा काळाभोर तट उंच होत चालला. सुमारे चाळीस फूट उंचीचा तो तट पाण्यातूनच सरळ वर आलेला दिसत होता. पण प्रवेशद्वार कोठेच दिसेना. “आजोबा, या किल्ल्याला दारच नाही का?” नातवाने विचारले. होडी दोन बुरुजांच्या अगदी जवळ गेली, तेव्हा कोठे त्यांच्या आडोशाला असलेला दरवाजा दृष्टीस पडला. शत्रूला दार दूरून दिसू नये आणि जो जवळ येईल तो दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात सापडावा, अशी ही योजना होती. होडी पायऱ्यांशी लागली. परंतु लाटांमुळे ती एकसारखी वरखाली होत होती. लाट होडीला उचलून पायरीच्या बरोबरीला आणी, नेमके त्याच क्षणी पाऊल टाकावयाचे. नातू एका उडीत पायरीवर पोहोचला आणि मग त्याने मला हात दिला.

दरवाजाजवळ एक शिल्प आहे. एका हिंस्र पशूने आपल्या पंजांखाली हत्ती जखडून धरले आहेत. किल्ल्याच्या स्वामींना आपल्या बळाचा केवढा अभिमान वाटत होता, हे त्यावरून कळते. हे स्वामी म्हणजे सिद्दी. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले होते. म्हणून त्यांना हबशी म्हणत व त्यांच्या मुलखाला हबसाण. प्रथम निजामशाही, मग आदिलशाही आणि पुढे मोगल अशा सत्तांच्या आश्रयाने त्यांनी आपले आरमार वाढविले. समुद्रावर लढण्यात ते मोठे वाकबगार होते.

आत गेल्यावर गोड्या पाण्याचे तलाव दिसले. चहूकडे खारट समुद्र आणि मध्ये हे गोडे पाणी! वेढा कितीही दिवस चालला, तरी किल्ल्यातील माणसे तहानेने व्याकूळ होऊन शरण येणे शक्य नव्हते. सुरुलखानाच्या उंच वाड्याचे भग्नावशेष पाहून आम्ही तटावर चढलो. तेथे कलालबांगडी नावाची प्रचंड तोफ समुद्राकडे तोंड करून पडली होती. तिच्यावर हात ठेवून नातवाने मला विचारले, “आजोबा, हा किल्ला आपण कधी जिंकला?”

“कधीच नाही,” मी म्हणालो.

त्याचा चेहरा पडला. “मग आपण तो पाहायला कशाला आलो?”

प्रश्न अगदी सरळ होता. त्याचे उत्तर देण्यासाठी मी त्याला तटाच्या सावलीत बसविले आणि त्या प्रयत्नांची हकीकत सांगितली. शिवाजी महाराजांनी जंजिरा घेण्याचे अनेक प्रयत्न केले. किनाऱ्यावरील दंडा-राजपुरी त्यांच्या ताब्यात होती. परंतु १६७१ साली होळीच्या रात्री सिद्दीने अचानक छापा घालून ती परत घेतली. पुढे १६८२ साली संभाजी महाराजांनी तर समुद्रात भर टाकून किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत वाट बांधण्यास प्रारंभ केला. इतक्यात मोगलांची फौज स्वराज्यावर चालून आल्यामुळे त्यांना ते काम टाकून जावे लागले. १७३३ साली पहिल्या बाजीरावांच्या मोहिमेत सिद्दीच्या ताब्यातून रायगड परत मिळाला. जंजिरा मात्र मिळाला नाही.

मग मी त्याला लाय पाटलांची गोष्ट सांगितली. कोकणात ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १६७६ साली मोरोपंत पिंगळे जंजिऱ्यावर चालून आले. रात्रीच्या अंधारात तटाला शिड्या लावाव्या आणि मोरोपंतांच्या सैनिकांनी त्यांवरून आत शिरावे, असा बेत ठरला. शिड्या लावण्याचे काम लाय पाटील या कोळी वीराने अंगावर घेतले. मोजक्या सोबत्यांसह तो होडीतून आला आणि पहारेकऱ्यांच्या नाकासमोर त्याने शिड्या लावल्या. तो वाट पाहत राहिला. परंतु सैनिक वेळेवर पोहोचलेच नाहीत. उजाडू लागले, तेव्हा निरुपायाने तो शिड्या काढून माघारी फिरला. बेत फसला.

महाराजांना हे कळले, तेव्हा त्यांनी लाय पाटलाला पालखीचा मान देऊ केला. तो नम्रपणे म्हणाला, की समुद्रावर हिंडणाऱ्या माणसाला पालखीचा काय उपयोग? तेव्हा महाराजांनी एक गलबत बांधविले, त्याचे नाव ‘पालखी’ ठेवले आणि ते त्याला दिले.

“पण तो तर हरला होता ना?” नातू म्हणाला.

मी त्याला वायव्येकडे बोट करून दाखविले. तेथे समुद्रात आणखी एक किल्ला दिसत होता. तो पद्मदुर्ग. जंजिऱ्याला शह देण्यासाठी महाराजांनी तो बांधविला. त्या कामासाठी पैका व धान्य वेळेवर न पोहोचविणाऱ्या एका अधिकाऱ्याची महाराजांनी १६७५ सालच्या पत्रात कडक शब्दांत कानउघाडणी केली आहे. ज्याने आपले काम चोख केले, पण ज्याला यश आले नाही, त्याचा महाराजांनी सन्मान केला. ज्याने कामात कुचराई केली, त्याला दोष दिला. अपयश आणि आळस यांतील हा भेद ज्याला कळतो, त्याच्यासाठी माणसे जिवावर उदार होतात. नातू काही बोलला नाही. पण पुष्कळ वेळ तो शिड्या लावल्या असतील अशी जागा तटावर शोधत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका कोळ्याच्या होडीतून पद्मदुर्गही पाहिला. तेथील बुरुजाजवळ एक नवल दिसले. खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी बुरुजाचे दगड झिजून आत गेले आहेत. परंतु दोन दगडांमधील चुना तसाच शाबूत आहे. त्यामुळे ती भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते. तो चुना ज्या हातांनी मळला, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्या गवंड्यांनी तो बांधला त्या जलदुर्गाने जंजिरा जिंकला गेला नाही, हेही खरे आहे.

सिद्दींचे संस्थान १९४८ साली स्वतंत्र भारतात विलीन झाले. एकेकाळी परस्परांवर तोफा रोखणारे हे दोन्ही किल्ले आज सारखेच आपले आहेत. एकात प्रतिपक्षाच्या पराक्रमाची आणि सावधपणाची साक्ष आहे. दुसऱ्यात आपल्या पूर्वजांच्या चिकाटीची. जो केवळ विजयाच्या जागा पाहतो, त्याला इतिहासाची एकच बाजू दिसते. कोकणात गेलात तर जंजिरा अवश्य पाहा. आणि तटावर उभे राहिलात, की दगड झिजले तरी न झिजलेल्या त्या चुन्याच्या दिशेनेही एकदा नजर टाका.