पाखरांच्या घरी जाताना

चिमणीचा फोटो काढायचा प्रयत्न तुम्ही कधी केलाय? ती छान तारेवर बसलेली असते. तुम्ही हळूच कॅमेरा डोळ्याला लावता, बटण दाबता, आणि फोटोत येते ती नुसती तार! माझ्या भाच्याकडे अशा रिकाम्या तारांचा आणि रिकाम्या फांद्यांचा केवढा तरी संग्रह आहे. "मावशी, मी फोटो काढायच्या आधीच पाखरांना कसं कळतं गं?" असं तो नेहमी विचारतो.

या प्रश्नाचं उत्तर आम्हांला मिळालं ते भिगवणला.

त्याची वार्षिक परीक्षा संपली होती. एप्रिलमधल्या एका पहाटे, अंधारातच आम्ही पुण्याहून निघालो. सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटरवर भिगवण लागतं. भीमा नदीवर उजनीचं मोठं धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि पाण्याचा फुगवटा मागे, दूरवर पसरला. हिवाळा सरला की पाणी ओसरू लागतं, उथळ गाळ उघडा पडतो आणि पाखरांची पंगत बसते. कुंभारगाव, डिकसळ अशा काठच्या गावांतले मासेमार आपल्या होड्यांतून पक्षी दाखवायला नेतात. आम्हीही एका नावाडीकाकांच्या होडीत बसलो.

डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारे पट्टकदंब तोवर हिमालय ओलांडून निघून गेले होते. पण रोहित होते. त्यांनाच फ्लेमिंगो किंवा अग्निपंख म्हणतात. शंभर-दीडशे तरी असतील. लांबलचक पायांवर उभे राहून, वाकडी चोच पाण्यात उलटी बुडवून त्यांची न्याहारी चालली होती. चिखल पायांनी ढवळायचा, पाणी तोंडात घ्यायचं आणि चोचीतल्या चाळणीतून बारीक जीव गाळून घ्यायचे, अशी त्यांची रीत.

भाचेबुवांना काही राहवेना. होडीत ताडकन उभे राहून ते ओरडले, "मावशी, ते बघ!"

झालं! सगळ्या माना एकदम वर. पाखरं चालू लागली, मग धावू लागली, आणि पाणी उडवत सगळा थवा हवेत! लाल-काळे पंख क्षणभर झळकले आणि लांब निघून गेले. कॅमेऱ्यात काय आलं? नुसतं पाणी.

नावाडीकाका रागावले नाहीत. त्यांनी बांबू होडीत आडवा ठेवला आणि म्हणाले, "आता बसा गुमान. भाकर खावा. अर्धा तास हितनं हालायचं न्हाई."

धपाटे खाता खाता त्यांनी आम्हांला पाखरांची भाषा शिकवली.

"पाखरू उडायच्या आधी तीनदा सांगतं बघ. पयलं म्हंजी खायाचं थांबतं. दुसरं, मान ताठ करतं. तिसरं, चालाय लागतं. पयल्या खुणेलाच आपण थांबायचं. तिसऱ्या खुणेला थांबून काय उपेग न्हाई, तवर त्याचं ठरलेलं आसतंय."

"पण आपण तर त्यांना काहीच करणार नव्हतो," भाचा म्हणाला.

"त्यास्नी काय ठावं? सरळ अंगावर येतो आन् टक लावून बघतो, त्यो खायालाच आलेला आसतो."

किती खरं आहे, नाही? कोल्हा काय, मांजर काय, नजर रोखून सरळ चालून येतात. आपणही तसेच गेलो तर पाखराने आपल्याला वेगळं का समजावं? शिवाय पाखरू उडालं की नुसता आपला फोटोच हुकत नाही. रोहितसारख्या मोठ्या पक्ष्याला पाण्यावरून धावत धावत उड्डाण करावं लागतं, त्यात ताकद जाते. खाणं मोडतं ते वेगळंच. दिवसभरात अशा दहा होड्या आल्या, तर बिचाऱ्याने जेवायचं कधी?

अर्ध्या तासाने काकांनी होडी पुन्हा काढली. इंजिन बंद. बांबूच्या रेट्याने होडी हळूहळू सरकत होती, तीही थव्याकडे नाही, तर भलतीकडेच! जणू आम्ही मासे धरायलाच चाललो होतो. आम्ही तळाशी बसलो होतो, मटक्या रंगाचे कपडे घालून, बोलणं बंद. सूर्य पाठीशी होता, म्हणजे उजेड पाखरांवर पडत होता. पाखरं वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उडतात, म्हणून काकांनी ती बाजू मोकळी सोडली होती. एका रोहितने चरणं थांबवलं. होडी थांबली. त्याने पुन्हा चोच बुडवली. होडी हातभर पुढे.

शेवटी होडी गाळाला टेकली आणि आम्ही तिथेच बसून राहिलो. आणि काय गंमत, चरता चरता थवाच आमच्या बाजूला सरकू लागला! भाच्याने श्वास रोखून बटण दाबलं. या खेपेला फोटोत रोहित होते, आणि त्यांच्या चोचीतून ठिबकणारं पाणीसुद्धा.

लपूनछपून फोटो काढायची ही धडपड जुनीच आहे, बरं का. इंग्लंडमधले रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे भाऊ सव्वाशे वर्षांपूर्वी अवजड कॅमेरे घेऊन रानात हिंडायचे. पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून त्यांनी काय केलं असेल? बैलाचं कातडं आणून आतून पोकळ असा खोटा बैल तयार केला, आणि त्याच्या पोटात बसून फोटो काढले! चरणाऱ्या बैलाला पाखरं भीत नाहीत ना!

आता मला माझी चूक सांगायला हवी. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

दहाच्या सुमारास आम्ही काठावर उतरलो. ऊन चांगलंच तापलं होतं. एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत टिटीव-टिटीव ओरडत होती. अचानक माझ्या पायाशी, खड्यांमध्ये मला चार अंडी दिसली. खड्यांसारखीच मातकट, वर काळे ठिपके. मी भाच्याला हाक मारली. गुडघे टेकून एक फोटो काढला, मग दुसरा, मग जरा जवळून तिसरा. पाखरांची भाषा तासाभरापूर्वीच शिकले होते, पण समोरची टिटवी कंठ फोडून सांगत होती ते मला ऐकू आलं नाही.

"ताई, मागं सरा!" होडीतून काका ओरडले. "अंडी उन्हात हायेत!"

मी चरकले. टिटवीला घरटं नसतं. उघड्या जमिनीवर नुसता उथळ खळगा. एप्रिलच्या उन्हात अंड्यांवर सावली असते ती फक्त आईबाबांच्या अंगाची, आणि त्यांना तर मीच हाकलून लावलं होतं! शिवाय माणसं वाकून काय बघताहेत, याच्यावर कावळ्याची नजर असते ती वेगळीच.

आल्या पावलीच आम्ही मागे फिरलो आणि होडीच्या आड जाऊन बसलो. भाचा घड्याळ बघत होता. टिटवी लांब उतरली. आमच्याकडे बघत थोडी चालली, थांबली, उगाच दुसरीकडे वळली. मग पाण्यात शिरली आणि पोट बुडवून बसली.

"आंघोळ करतेय?" भाच्याने हळूच विचारलं.

नाही. पोटाची पिसं चिंब भिजवून ती तुरुतुरु चालत आली आणि अंड्यांवर बसली. ओल्या पिसांनी ती अंडी थंड करत होती!

"सतरा मिनिटं," भाचा म्हणाला. आणि मग, "मावशी, पिल्लं होतील ना गं?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर मी ते तिन्ही फोटो पुसून टाकले.

मे महिन्यात न राहवून काकांना फोन केला. ते म्हणाले, "अंडी न्हाईत तिथं. पिल्लं काय मला दिसली न्हाईत, खड्यांत दडत्यात ती. पर टिटवी लई वरडत अंगावर येतीया. आता रागाला यायाला काय तरी कारण आसंलच की!"

हे ऐकून भाचा असा काही नाचला की विचारू नका.

तेव्हापासून आमच्या घरात नियम ठरलेत. घरटं दिसलं की फोटो नाही, मागे वळायचं. उडतानाचा फोटो मिळावा म्हणून दगड मारायचा नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. पक्ष्याच्या आवाजाची ध्वनिफीत लावून त्याला फसवायचं नाही. हा नुसता शहाणपणा नाही, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना धक्का लावणं गुन्हाच आहे.

आणि भिगवणला जायलाच हवं असंही नाही. गॅलरीत किंवा परसात रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी दहा मिनिटं नुसते बसा. कॅमेरा नको. चिमणी, बुलबुल, साळुंकी, जे पाखरू येईल त्याच्या तीन खुणा ओळखा. आठवडाभरात ते तुमच्याकडे बघूनही खात राहिलं, तर समजा की पहिली परीक्षा तुम्ही पास झालात. फोटो मग कधीही काढता येईल.

भाच्याच्या संग्रहात आता रिकाम्या तारा कमी झाल्या आहेत. पण सगळ्यांत आवडता फोटो कुठला, असं विचारलं तर तो म्हणतो, "टिटवीचा. जो आम्ही काढलाच नाही तो!"