जहाज परत येतं तेव्हा

ऑफिसातला सर्व्हर दोन मिनिटं बंद पडला तरी मला अलर्ट येतो. नवऱ्याचं जहाज मुंबईहून सुटलं, की मात्र व्हॉट्सॲपवर एकच टिक. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत तो मरीन इंजिनिअरिंग शिकत होता, तेव्हा निदान रात्री फोन लागायचा. आता कुठे चाललाय, कधी येणार, हे तो सांगू शकत नाही आणि मीही विचारत नाही. निघण्याआधी विम्याचे हप्ते, बँकेची कामं, गॅसवाल्याचा नंबर आम्ही एका वहीत उतरवतो. मग घर मी एकटी चालवते, आणि ते चालतं.

खरी कसरत तो परतल्यावर. त्याच्याशिवाय चालायला शिकलेल्या घरात त्याची जागा पुन्हा करावी लागते, कपाटाच्या कप्प्यापासून निर्णयांपर्यंत. वाट कशी पाहायची हे सगळे सांगतात. हे कुणीच सांगत नाही.