सही करू नका, वहिनी

ती. सौ. वहिनींस,


दादाने पाठवलेला कंपनीचा कागद वाचला आणि लगेच लिहायला बसले. फोनवर तुम्ही नुसतं "हो वन्सं" म्हणता, मग तुम्हाला रडू येतं आणि दादा फोन काढून घेतो. म्हणून पत्र. तुमचं वाचून झालं की त्यालाही द्या.

आधी मुद्द्याचं सांगते. त्या बाँडवर इतक्यात सही करू नका. तुम्हीही नाही, दादानेही नाही.

त्यातलं चौथं कलम नीट बघा. 'सदर रक्कम आम्हांस पूर्ण व अंतिम मिळाली असून मयताच्या मृत्यूबाबत आमची कोणाविरुद्ध कसलीही तक्रार नाही, व यापुढे आम्ही अथवा आमचे वारस कोणत्याही न्यायालयात दावा वा फिर्याद करणार नाही.' पैशाचा आकडा पहिल्या कलमात ठळक अक्षरात आहे, पण अख्खा कागद केलाय तो या चौथ्या कलमासाठी. तुमचा भैय्या रात्री दोन वाजता कंपनीच्या हॉस्टेलच्या गच्चीवर का गेला, त्याच्याबरोबर कोण होतं, गच्चीच्या दाराची किल्ली रात्री कोणाकडे असते, आदल्या आठवड्यात त्याने साहेबांकडे कसली तक्रार केली होती, यातलं एक अक्षरही त्या कागदात नाही. तेराव्याच्या आत चेक तयार झाला. जिन्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण मात्र अजून कोणी दाखवलेलं नाही.

दादा म्हणतो, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. माझी उमेदीची वर्षं त्याच पायऱ्यांवर गेली, तेव्हा तो म्हणतो त्यात किती तथ्य आहे हे मला ठाऊक आहे. तारखा पडतात, साक्षीदार फुटतात, वकील बदलतात. पण तुम्हाला टोचतंय ते वेगळंच. लेकराच्या जिवाचे पैसे मागायचे का, असं तुम्ही मला विचारलंत. त्यावर मी तुम्हाला ओडिशातल्या एका आईची हकिकत सांगते.

नीलाबती बेहेरा तिचं नाव. सुंदरगढ जिल्ह्यातली. तिचा मुलगा सुमन बावीस वर्षांचा होता. 1 डिसेंबर 1987 रोजी सकाळी चोरीच्या तपासासाठी म्हणून त्याला जेराइकेलाच्या पोलीस चौकीत नेलं. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत रेल्वे रुळांवर सापडलं, अंगभर जखमा. पोलीस म्हणाले, त्याला दोरीने बांधून ठेवलं होतं, पहाटे तीनच्या सुमारास त्याने ती दोरी दातांनी चावून तोडली, पळाला आणि गाडीखाली सापडला. या बाईने 14 सप्टेंबर 1988 ला सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. साधं पत्र. कोर्टाने तीच याचिका मानली. सरकार आपल्या म्हणण्यावर अडून राहिलं, तेव्हा कोर्टाने सुंदरगढच्या जिल्हा न्यायाधीशांना साक्षीपुरावे घेऊन चौकशी करायला सांगितलं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी साक्ष दिली की या सगळ्या जखमा रेल्वेच्या धडकेने होणाऱ्या नाहीत, बोथट वस्तूच्या माराने, लाठीने होऊ शकतात. दुसरं असं की कोठडीतला आरोपी पळाला म्हणायचं, तर त्याला शोधायला कोणी धावल्याचा विश्वास ठेवावा असा पुरावाच नव्हता. प्रेत रेल्वेच्या माणसांनी पाहिलं, त्यांनी कळवलं, आणि पोलीस तिथे पोचले ते बऱ्याच उशिराने.

24 मार्च 1993 ला निकाल लागला. सुमन कोठडीतल्या मारहाणीने मेला हे न्यायालयाने मानलं आणि राज्याने त्याच्या आईला दीड लाख रुपये द्यावेत असा हुकूम केला. त्याची कमाई महिना बाराशे-पंधराशेच्या घरात होती, त्यावरून हा आकडा आला. वहिनी, दीड लाखात काय येतं? काहीच येत नाही. पण कोठडीतून पळाला, गाडीखाली गेला, ही जी गोष्ट त्या पोराच्या नावावर लिहून ठेवली होती ती देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पुसली, आणि आज कोठडीतल्या मृत्यूच्या भरपाईचा प्रश्न निघाला की वकील त्या आईच्या नावाचा खटला पुढे ठेवतात. तिने लेकराची किंमत मागितली असं मला कधीही वाटलेलं नाही. कोर्टाला आकडा लागतो म्हणून आकडा लिहायचा. मागायचं असतं ते उत्तर.

तिच्यासमोर सरकार होतं, म्हणून तिला थेट दिल्लीचं दार ठोठावता आलं. तुमच्यासमोर खासगी कंपनी आहे. तुमचा दावा दिवाणी कोर्टात जाईल, 1855 च्या जुन्या कायद्याखाली. दुसऱ्याच्या कृत्याने किंवा हयगयीने माणूस गेला तर नवरा, बायको, आईबाप आणि मुलं यांच्यासाठी भरपाई मागता येते, असं तो कायदा म्हणतो. ते कृत्य गुन्हा असलं तरीही मागता येते. ताईला बहीण म्हणून त्यात जागा नाही, याचं मला फार वाईट वाटतं, पण तुम्हा दोघांना आहे.

पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली म्हणजे सगळं संपलं, असं दादाने धरून ठेवलंय. तसं नाही. फौजदारीत संशयाला जागा उरली की आरोपी सुटतो. दिवाणीत कोणाचं म्हणणं अधिक संभवनीय आहे एवढंच तोलतात. अमेरिकेत ओ. जे. सिम्पसन 1995 साली खुनाच्या खटल्यातून निर्दोष सुटला, आणि त्याच दोन मृत्यूंसाठी 1997 साली दिवाणी ज्युरीने त्याला जबाबदार धरलं. शिवाय दाव्यात आपल्याला कंपनीकडे कागद मागता येतात: हजेरीपट, रखवालदाराची वही, कॅमेऱ्याचं चित्रीकरण. त्यांच्या व्यवस्थापकाला शपथेवर उभं करून उलटतपासणी घेता येते. आणि हाती असलेला पुरावा कोणी पुढे आणला नाही, तर तो त्याच्याच विरुद्ध गेला असता असं धरायची मुभा न्यायाधीशाला असते. आज तुम्ही फोन केलात तर तो व्यवस्थापक "मीटिंगमध्ये आहे" म्हणतो. साक्षीच्या पिंजऱ्यात त्याला तसं म्हणता येणार नाही.

आता सहीची भीती मला एवढी का वाटते ते सांगते. फ्रँक ओल्सन हा अमेरिकेचा शास्त्रज्ञ, लष्कराच्या जैविक अस्त्रांच्या प्रयोगशाळेत काम करणारा. नोव्हेंबर 1953 मध्ये सीआयएच्या माणसांनी त्याच्या नकळत दारूतून त्याला एलएसडी दिलं, आणि नऊ दिवसांनी न्यूयॉर्कच्या हॉटेलच्या खिडकीतून पडून तो मेला. घरच्यांना सांगितलं, पडला किंवा उडी मारली. एलएसडीची गोष्ट बाहेर यायला 1975 साल उजाडलं. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी कुटुंबाला व्हाइट हाउसमध्ये बोलावून माफी मागितली, पुढे साडेसात लाख डॉलर मिळाले, आणि कुटुंबाने त्या बदल्यात आपले हक्क सोडले. बाप गेला तेव्हा थोरला मुलगा एरिक नऊ वर्षांचा होता. त्याचं समाधान झालं नव्हतं. 1994 मध्ये मुलांनी बापाचं प्रेत उकरून तपासून घेतलं. जुन्या अहवालात लिहिलेल्या काचेच्या जखमा सापडल्या नाहीत. डोक्यावर डाव्या डोळ्याच्या वर मार लागल्याची खूण मात्र होती, आणि तज्ज्ञांच्या प्रमुखाचं मत खुनाकडे झुकलं. 2012 मध्ये दोघा भावांनी सरकारवर दावा लावला. 2013 मध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळला. त्यांच्या आरोपांपैकी बऱ्याच गोष्टींना कागदोपत्री आधार आहे हे न्यायाधीशांनी मान्य केलं, पण दावा मुदतीबाहेर होता आणि 1976 ची तडजोड आडवी येत होती.

त्या घराने पैसे घेतले यात मी दोष काढत नाही. देशाचा अध्यक्ष समोर बसून माफी मागत होता. पण काय झालं ते पुरतं कळायच्या आधी हक्क सोडले गेले.

आपल्याकडे या दाव्याला मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षांची मुदत आहे. घाई करायला नको, पण झोपून राहूनही चालायचं नाही. व्हिसेराचा अहवाल येऊ दे. तो हाती आल्यावर, कंपनीने चित्रीकरण दाखवल्यावर, आणि तुमच्या सगळ्या प्रश्नांची लेखी उत्तरं मिळाल्यावर तुम्हाला तडजोड करावीशी वाटली, तर मी स्वतः कागद लिहून देईन आणि त्यात कंपनीची चूक कबूल करून घेईन. तेव्हाचे पैसे घ्यायला लाजायचं कारण नाही. दादाचं कर्ज मला माहीत आहे. तोवर घर चालवायचा प्रश्न आपण भावंडं बघू, त्यासाठी चौथं कलम नको.

गुरुवारी मी येते. पंचनाम्याची प्रत, शवविच्छेदनाचा अहवाल, भैय्याच्या पगाराच्या स्लिपा आणि नेमणुकीचं पत्र एका पिशवीत काढून ठेवा. कंपनीचा माणूस आला तर चहा द्या आणि सांगा, वन्सं आल्यावर बोलू. भैय्याचा फोन पोलिसांनी परत दिलाय म्हणालात, तो सुरू करू नका, चार्जिंगलाही लावू नका, आणि त्याचं सिम कार्ड मात्र बंद पडू देऊ नका, ताईला सांगून त्यावर रिचार्ज मारून घ्या.

तुमची,
वन्सं