जात्याच्या घरघरीतली कविता

पिंप्राळा, आषाढी एकादशी

रथापुढच्या टाळांचा ठेका कानात घुमतोय आणि मनात कवयित्री बहिणाबाई चौधरी आहेत. त्यांचं माहेर आसोदं, इथून जवळच. अक्षरओळख नव्हती, त्यामुळे शब्द त्यांना भेटला तो नादातूनच. जातं ओढताना हात जिथे वळतो तिथे ओवीचा चरण संपतो, आणि यमक नेमकं तिथेच पडतं. श्रमाचा श्वासच छंद झाला! मला याचं फार अप्रूप वाटतं.

शिवाय त्यांच्या गाण्यांतली आपली लेवा बोली. तिच्यात ‘ळ’चा ‘य’ होतो: डोळा डोया, काळा काया. जीभ टाळूवर अडत नाही, ओळ वाहत राहते. हीच गाणी प्रमाण मराठीत म्हणून पाहिली. अर्थ राहतो, चाल अडखळते.

लेक सोपानदेवांनी ही गाणी टिपून ठेवली म्हणून ती टिकली. बहिणाबाई १९५१मध्ये गेल्या, त्यांच्या गाण्यांचं पुस्तक १९५२मध्ये आलं, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. आमच्या पोरांना मात्र ती कविता मुकाट्याने वाचायला लावतात, प्रश्नोत्तरांसाठी. याचं मला खरंच वाईट वाटतं. उद्यापासून घरी रोज एक गाणं मोठ्याने म्हणायचं, तेही लेवा उच्चारांत.