जळाला तो भाग बदलला, पण जळाला का?

घरातली जुनी वस्तू बंद पडली की आपल्याला दोनच वाटा दिसतात. एक भंगारवाल्याची आणि दुसरी ‘नवीन घ्या’ म्हणणाऱ्या दुकानदाराची. 1980 नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या चाळीत, वस्तीत कितीतरी घरांनी पोटाला चिमटा घेऊन स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर घेतले. कुणी बोनस मिळाल्यावर, तर कुणी भिशीचा नंबर लागल्यावर. लाकडी पेटीतले दोन स्पीकर, शेजारी कॅसेट डेक आणि मध्ये तो चंदेरी तोंडाचा, उचलताना कमरेत भरणारा अ‍ॅम्प्लिफायर. आज त्यातले बरेच पोटमाळ्यावर धूळ खात पडले आहेत. वाचकहो, ते भंगारात घालण्याआधी दोन गोष्टी ऐकून घ्या.

मी काही इंजिनिअर नाही. बी.कॉम. झालेला साधा कारकून आहे. हिशेब जुळवणे हा माझा रोजचा धंदा. अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचा नाद तरुणपणी एका मित्रामुळे लागला आणि संध्याकाळी वस्तीतली कामे आटोपली की अजूनही तो पुरवून घेतो. पण खरे सांगायचे तर या कामात मला कामी आली ती हिशेबाचीच शिस्त. तेरीज जुळत नसेल तेव्हा जुना हिशेबनीस आधी फरकाला नऊने भाग देऊन बघतो. भाग गेला तर कुणीतरी 54 चे 45 लिहिले असेल असा संशय घेतो. फरकाच्या निम्मी रक्कम कुठे सापडली, तर ती जमेऐवजी नावे पडली असेल. म्हणजे चूक कधी गुपचूप येत नाही, ती आपली खूण मागे ठेवते. अ‍ॅम्प्लिफायरचेही तसेच आहे.

आवाज कमी-जास्त करताना खरखर येते? एक बाजू मध्येच जाते आणि बटण हलवले की परत येते? तर बहुतेक वेळा व्हॉल्यूमच्या कंट्रोलमध्ये किंवा स्विचमध्ये मळ साचलेला असतो. काँटॅक्ट क्लीनरचा थोडा फवारा मारून बटण वीस-तीस वेळा फिरवले की काम होते. रॉकेल किंवा गोडेतेल मात्र घालू नये, त्याने मळ आणखी चिकटतो. एकच बाजू कायमची बंद असेल तर सेट बंद करून डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल कराव्यात. मुकेपणा स्पीकरबरोबर गेला तर दोष स्पीकरचा. तो जागच्या जागी राहिला तर दोष अ‍ॅम्प्लिफायरचा किंवा त्याच्या मागच्या डेकचा. एवढ्या तपासणीला पैसाही लागत नाही.

घुंऽऽ असा आवाज सतत येत असेल तर तो व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावरही राहतो का ते बघावे. राहत असेल तर संशय पॉवर सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरवर जातो. आपली वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते. डायोडमधून सुलट होऊन बाहेर पडताना तिचे सेकंदाला 100 उमाळे होतात. मधले खड्डे भरून काढण्याचे काम कंडेन्सरचे. त्याच्या पोटात अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये ओला कागद असतो. तीस-चाळीस वर्षांत ती ओल आटते, खड्डे भरत नाहीत आणि ते उमाळे आपल्याला स्पीकरमधून ऐकू येतात. उलट, व्हॉल्यूम वाढवला की घुंऽऽ वाढत असेल तर दोष पुढच्या बाजूला, डेककडून येणाऱ्या वायरीत किंवा तिच्या अर्थिंगमध्ये शोधावा.

हे झाले सोपे दोष. आता एक अवघड सांगतो.

आमच्या शेजारच्या मावशींचे यजमान रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांनी 1986 साली असा सेट घेतला होता. ते वारले त्याला आता सहा वर्षे झाली. गायन पार्टीत ते कोरसला असत, आणि त्या गाण्यांच्या तीन कॅसेट मावशींनी साडीच्या घडीत जपून ठेवल्या आहेत. सेट मात्र दोनदा दुरुस्त करूनही पुन्हा जळाला होता. दोन्ही वेळा कारागिराने उजव्या बाजूचे पॉवर ट्रान्झिस्टर बदलले, पैसे घेतले, आणि महिन्या-दोन महिन्यांत तेच पुन्हा घडले. दुसऱ्या वेळी तर त्याने फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळून दिली. म्हणजे पुढच्या वेळी अडवायला कुणीच उरले नाही आणि उजव्या स्पीकरची कॉइलही जळून गेली.

मावशी म्हणाल्या, “दादा, भंगारवाला तीनशे देतो म्हणतो. देऊन टाकू का? खरं सांग.”

मी म्हटले, “मावशी, चार दिवस थांबा.”

त्यांची नात नववीत शिकते. तिला मी वही घेऊन बसवले आणि मधोमध रेघ मारून डावी-उजवी अशा दोन बाजू करायला सांगितल्या. स्टिरिओ सेटची ही मोठी सोय आहे. एकाच पेटीत दोन सारखे अ‍ॅम्प्लिफायर असतात, त्यामुळे एक जळाला तरी दुसरा चांगला असला की बरोबर उत्तर शेजारीच मिळते. प्लग काढला. मोठ्या कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहते, म्हणून ती रेझिस्टन्स लावून उतरवली. मग मी मल्टिमीटर लावायचा आणि तिने आकडे लिहायचे असे सुरू झाले. डाव्या बाजूचे ट्रान्झिस्टर मीटरवर सरळ 0.5-0.6 दाखवत होते. उजवीकडे तिन्ही टोकांमध्ये शून्य, म्हणजे पूर्ण शॉर्ट.

ते ट्रान्झिस्टर टू-एन-3055 आणि त्याचा जोडीदार. अमेरिकेच्या आरसीए कंपनीने 1960 च्या दशकात आणलेला हा टू-एन-3055 इतका टिकाऊ आणि स्वस्त निघाला की जगभरच्या सेटमध्ये तो बसला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत आजही मिळतो. मात्र बाजारात नकली मालही असतो, म्हणून ओळखीच्या दुकानातूनच घ्यावा. ट्रान्झिस्टर नवे घातले, खाली अभ्रकाची चकती आणि उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावली, जळालेले रेझिस्टन्स बदलले, योग्य फ्यूज बसवला.

आधीचा कारागीर इथेच थांबला होता. आपण थांबलो असतो तर तिसऱ्यांदा तेच झाले असते. ट्रान्झिस्टर जळाला हा परिणाम होता आणि कारण अजून सापडायचे होते.

म्हणून स्पीकर न जोडता आणि 100 वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावून सेट चालू केला. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, झगझगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे असे समजावे. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. आमचा बल्ब मंद झाला. ट्रान्झिस्टरजवळच्या रेझिस्टन्सवर डावीकडे 9 मिलिव्होल्ट, उजवीकडे 10. सगळे छान दिसत होते. मग मी बांबूच्या कोरड्या काडीने एकेक भाग हलकेच दाबत गेलो. एका छोट्या प्रीसेटला काडी लागली आणि उजवीकडचा आकडा एकदम उडाला, बल्बही उजळला.

नात म्हणाली, “काका, दोन्ही बाजू सारख्या असायला पाहिजेत ना? मग डावीकडचा दाबला तेव्हा काहीच झालं नव्हतं!”

तिने बरोबर पकडले. ट्रान्झिस्टरमधून आवाज नसतानाही थोडा करंट वाहू द्यायचा असतो आणि तो किती, हे हा प्रीसेट ठरवतो. त्यातली कार्बनची पट्टी झिजली होती. सेटला जरा हादरा बसला की मधला स्पर्श सुटे, करंट बेलगाम वाढे आणि ट्रान्झिस्टर तापून जळे. दहा रुपयांच्या भागापायी दोनदा शेकड्याने पैसे गेले होते. प्रीसेट बदलला, सेट अर्धा तास तापू दिला आणि आकडा डाव्या बाजूइतका करून ठेवला. स्पीकरच्या टोकांवर दोन्हीकडे वीस मिलिव्होल्टच्या आतच व्होल्टेज होते. तिथे काही व्होल्ट आले असते तर स्पीकर पुन्हा गेला असता. कॉइल एका कारागिराने नवी गुंडाळून दिली.

कॅसेट लावली. कोरसमधला कुठला आवाज यजमानांचा, हे मावशींनी बोट वर करून नातीला दाखवले. मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. एक बाजू संपली तेव्हा स्वतःच उठून त्यांनी कॅसेट उलटी करून लावली.

ही विद्या कुणाच्या मालकीची नाही. 1947 साली इंग्लंडमध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांनी त्या काळच्या उत्तम अ‍ॅम्प्लिफायरचा नकाशा ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात छापला आणि कितीतरी लोकांनी तो घरी बनवला. 1969 साली त्याच मासिकात जॉन लिन्सली हूड यांनी ट्रान्झिस्टरचा अगदी थोड्या भागांचा अ‍ॅम्प्लिफायर दिला. ज्यांनी हे यंत्र घडवले त्यांनीच ते सामान्यांच्या हाती दिले. मग आपल्या मुलामुलींनी त्याला का भ्यावे?

मात्र विजेशी खेळ नको. व्हॉल्व्हच्या जुन्या सेटमध्ये 300 व्होल्ट आणि त्याहून अधिकही असतात, त्यात नवख्याने हात घालू नये. ट्रान्झिस्टरच्या सेटचेही झाकण जाणत्या माणसाशिवाय उघडू नये. फ्यूजच्या जागी तार तर कुणालाही लावू देऊ नये.

आणि सेट दुकानात दिलात तर कारागिराला तीन प्रश्न अवश्य विचारा. काय जळाले? का जळाले? ते कारण दूर झाले, हे तुम्ही मोजून पाहिले का? जुने भाग परत मागा. चांगला कारागीर अशा प्रश्नांनी चिडत नाही, उलट पेटी उघडून दाखवतो. तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.