तोतया यंत्र

पानिपतच्या रणांगणावर १४ जानेवारी १७६१ रोजीं सदाशिवरावभाऊ पडले. तथापि त्यांच्या मृत्यूविषयीं लोकांच्या मनांत शंका राहिली, आणि तिचाच लाभ घेऊन ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक तोतया पुढें आला. १७७६ सालीं त्याला देहान्त शासन झालें. परंतु त्यापूर्वीं कोंकणांत फौज जमविण्याइतका विश्वास त्यानें संपादन केला होता. हें प्रकरण आम्हीं वर्गांत सांगतों तेव्हां, इतकीं शहाणीं माणसें फसलीं तरी कशीं, असें मुलें विचारतात. त्याचें उत्तर आम्हीं त्यांस संगणकाच्या खोलींत नेऊन देतों.

त्या खोलींतील प्रत्येक यंत्राला दोन ओळखी असतात : एक बदलतां येण्याजोगा पत्ता, दुसरा कारखानदारानें दिलेला ४८ बिटांचा क्रमांक. एका यंत्राला दुसऱ्याकडे निरोप धाडावयाचा असला म्हणजे तें सर्वांस उद्देशून विचारतें, ‘हा पत्ता कोणाचा?’ ज्याचा असेल तें आपला क्रमांक सांगतें, व विचारणारें तो आपल्या वहींत टिपून ठेवतें. ही रीत नोव्हेंबर १९८२ मध्यें लिहून ठेवण्यांत आली. तिला ‘एआरपी’ म्हणतात. उत्तर देणाऱ्याचा खरेपणा पारखण्याची सोयच तींत नाहीं. त्यामुळें एखादें लबाड यंत्र ‘बाहेर जाण्याचें द्वार तें मीच’ असें बोललें, कीं सर्वांचे निरोप त्याच्या हातून जाऊं लागतात.

मग संगणकाची कार्यप्रणाली स्वस्थ बसते काय? अगदींच नाहीं. लिनक्स प्रणाली, तिची मूळ मांडणी कोणीं बदलली नसेल तर, न विचारतां केलेल्या घोषणेवरून वहींत नवी नोंद करीत नाहीं. मात्र नोंद आधींच असली तर ती बदलूं देते. म्हणजे दाराला कडी आहे, कुलूप नाहीं. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या नियमान्वयें यंत्रानें पत्ता घेण्यापूर्वीं तो दुसऱ्या कोणाचा नाहीं ना, हें विचारून पाहावें; यानें चुकून झालेली गल्लत उघडकीस येते, अट्टल लबाड थांबत नाहीं. द्वाराचा क्रमांक वहींत हातानें कायमचा लिहून ठेवणें हा उपाय बराच पक्का. पण द्वाराचें यंत्र बदललें कीं प्रत्येक वही पुन्हां लिहावी लागते. मोठ्या कचेऱ्यांतून यंत्रांस जोडणारा स्विचच प्रत्येक उत्तर पत्तेवाटपाच्या नोंदीशीं ताडून पाहूं शकतो.

या सर्वांहून मोठा आधार मोहोरबंद लखोट्याचा. बँकेचें संकेतस्थळ आपलें प्रमाणपत्र दाखवितें व मजकूर गुप्त लिपींत धाडतें. तोतयाच्या हातीं लखोटा पडला तरी त्यास तो वाचतां येत नाहीं. त्यानें बँकेच्या नांवानें खोटें प्रमाणपत्र पुढें केलें, तर ब्राउझर इशारा देतो.

येथें पालकांस आमची विनंति आहे. मोसंबीच्या पट्टीचे जे पैसे खात्यांत येतात, त्यांतच मुलांची फी व पुढील हंगामाचें बियाणें असतें. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपत आलेली असते, मोफत वायफाय समोर असतें, आणि इशारा न वाचतांच ‘पुढें जा’ वर बोट ठेवलें जातें. तसें करूं नये. तेथेंच थांबावें, आणि आपल्या फोनच्या स्वतःच्या जोडणीवरून तेंच पान उघडून पाहावें. मुलांनीं तो इशारा घरीं मोठ्यानें वाचून दाखवावा. एवढें काम सातवींतलें मूलही करूं शकेल.