मार्लीवरील गोळ्या आणि एक मवाळ चित्रपट
३ डिसेंबर १९७६. किंग्स्टनमधील होप रोडवरच्या घरात शिरून बंदूकधाऱ्यांनी बॉब मार्लीवर गोळ्या झाडल्या. पत्नी रीटाच्या डोक्याला गोळी लागली. दोनच दिवसांनी जखमी मार्ली मंचावर उभा राहिला! ‘बॉब मार्ली: वन लव्ह’ (२०२४) हे दाखवतो, हल्ल्यामागचे कारण मात्र धूसर ठेवतो. मैफल जाहीर झाल्यावर पंतप्रधान मायकेल मॅन्ली यांनी १५ डिसेंबरची निवडणूक पुकारली आणि तटस्थ मैफल सरकारी प्रचार भासू लागली. निर्मात्यांत मार्लीचे कुटुंबीयच. त्यामुळे प्रतिमा संतासारखी झळाळते, गल्लीबोळांतले राजकारण तेवढे गळते. १९७८ मध्ये मार्लीने मॅन्ली आणि विरोधी नेते एडवर्ड सिआगा यांचे हात मंचावर जुळवले. १९८० च्या निवडणुकीपर्यंत जमैकात आणखी शेकडो माणसे मारली गेली.